१०५० टीआय गेलंय, १५-१६ हजारांत आता कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ? नाशिकमध्येच घ्यायचंय

तुम्ही लिहिलंय त्यावरून मशीन असं दिसतंय: आय५ ६५००, एच११० बोर्ड, १६ जीबी रॅम, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). १०५० टीआयवर आधी रंगीत पट्टे आले आणि आता डिस्प्लेच येत नाही. काम म्हणजे प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लग्नाचे व्हिडिओ, आणि रात्री व्हॅलोरंट नाहीतर जीटीए फाइव्ह हे गेम. दुकानदार सेकंडहँड आरएक्स ५८० गळ्यात मारतोय. मी सिडकोत राहतो, ओळखीपाळखीतल्यांचे पीसी जोडून देतो, तर माझं मत आधीच सांगून टाकतो, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं नवीन कार्ड घ्या, पक्क्या बिलावर, आणि ५८० चा विचार सोडून द्या.

पण पैसे काढायच्या आधी कार्ड खरंच गेलंय का ते बघा. तुमच्या ६५०० प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे (शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं, तुमच्यात आहे), त्यामुळे कार्ड पूर्ण काढा, मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा आणि मशीन चालू करा. तिथेही पट्टे दिसले तर दोष केबलचा, मॉनिटरचा किंवा रॅमचा, कार्ड बिचारं उगाच बदनाम. तिथे सगळं स्वच्छ दिसलं तर कार्डचे सोनेरी पाय खोडरबरने हलकेच घासा, स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवा (सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर खोदून ठेवलंय, कॅबिनेट उघडल्यावर कळेलच) आणि परत लावून एकदा बघा. तरीही नाही आलं तर गेलं समजा. चिपला हीट मारून चालू करून देतो म्हणणारे भेटतील, ते कार्ड थोडे दिवस चालतं आणि ऐन लगीनसराईत परत बसतं, त्यात पैसे घालू नका. तोवर बोर्डाच्या ग्राफिक्सवर साधी कटिंगची कामं होतील, त्यामुळे घाईघाईत काहीतरी उचलून आणू नका.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे एसएमपीएस. लोक कार्डचे रिव्ह्यू बघत बसतात पण हा डबा कोणी उघडून बघत नाही. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरच्या लेबलवर +१२ व्होल्टचा रकाना शोधा, तिथे अँपिअर लिहिलेले असतात. अशा फुकटात आलेल्या डब्यांवर वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असतं आणि खाली बारक्या अक्षरात १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच लाईनवर जगतात, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टचे, त्यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, जुनं कार्ड ७५ वॅटचं, वर फॅन, हार्डडिस्क, बोर्ड, म्हणजे इतकी वर्षं जेमतेम निभावलं. आता त्याच डब्यावर ५८० लावायचं म्हणजे एकट्या कार्डलाच १८५ वॅट हवेत. आपली छकडी रिकामी असताना नीट चालते म्हणून तिच्यावर ट्रकचा माल लादण्यातला प्रकार आहे हा. रेंडर लावून जेवायला जाल आणि येऊन बघाल तर मशीन रिस्टार्ट झालेलं, किंवा वास सुटलेला.

३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं आहे. म्हणजे काढलं ७५ चं आणि लावलं ७० चं, वेगळी पॉवर केबल बहुतेक मॉडेलना लागतच नाही, सगळी वीज स्लॉटमधून. म्हणून बजेट सगळं कार्डवर जाऊ शकतं. वेग १०५० टीआयच्या साधारण दुप्पट धरा. अर्थात लेबलवर १६ पेक्षाही कमी अँपिअर निघाले किंवा एसएमपीएस सात-आठ वर्षांचा असेल तर हे कार्ड पुढच्या महिन्यात घ्या पण आधी चांगल्या कंपनीचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवत असल्याचं प्रमाणपत्र) एसएमपीएस बसवा, तो पुढच्या मशीनलाही चालतो. जुनं कार्ड मुळात त्या डब्यानेच खाल्लं असण्याची शक्यता आहेच, पावसाळ्यात लाईट जा-ये करते तेव्हा अशा स्वस्त डब्यांचं काही खरं नसतं.

एक सापळा मात्र नीट लक्षात ठेवा. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे आणि त्याला पॉवर केबल लागते, २०२४ चं ६ जीबीवालं त्यापेक्षा थोडं हळू आहे, कोअर कमी, मेमरीची बसही १२८ ऐवजी ९६ बिटची. तुमच्यासाठी ६ जीबीवालंच बरोबर आहे, पण भाव पहिल्याचा लावून हातात दुसरं देऊ नयेत एवढं बघा, बॉक्सवर ६ जीबी वाचूनच पैसे द्या.

बाकीचे पर्याय का नकोत ते भराभर सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० यांना पीसीआयच्या (कार्ड आणि बोर्डमधला डेटाचा रस्ता) फक्त चार लेन आहेत, तुमचा बोर्ड जेन ३ चा, म्हणजे त्या रस्त्याच्या तिसऱ्या पिढीचा, म्हणजे जेन ४ बोर्डवर मिळतो त्याच्या निम्माच रस्ता मिळणार, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो, वर त्यांच्यात व्हिडिओ एन्कोडर (एक्स्पोर्ट झटपट करणारा भाग) च नाही, एडिटिंगवाल्याने ते कशाला घ्यायचं. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर छान दिसतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतो आणि सहाव्या पिढीच्या बोर्डावर अधिकृतपणे तो नाही. सेकंडहँड १०६०, १०७० स्वस्तात दिसतील, पण एनव्हिडियाने १० सिरीजचे नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. १६५० नवीन मिळालं आणि पैसे अगदीच कमी पडत असतील तर चालेल, पण ४ जीबीत फोरके टाइमलाईन रडवते. सेकंडहँड आरएक्स ६६०० हे खरंच जबरदस्त कार्ड आहे, १३२ वॅट, ८ जीबी, गेमसाठी ३०५० ला सहज मागे टाकतं, पण एसएमपीएस बदलल्याशिवाय नाही, आणि प्रीमिअरमध्ये मला तरी कुडावालं (कुडा हे एनव्हिडियाचं तंत्र) कार्डच बरं वाटतं. याच्या वरचं काही बघूच नका, तुमच्या आय५ ६५०० ला चारच थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चारच कामं हाताळतो, जीटीएमध्ये तो आधीच शंभर टक्क्यांवर धापा टाकतो. शिवाय विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा या मशीनवर फार खर्च करण्यात अर्थ नाही, कार्ड असं घ्या जे उद्या नवीन बोर्डवर उचलून लावता येईल.

एडिटिंगचं म्हणाल तर एक्स्पोर्ट एनव्हेंकवर (एनव्हिडिया कार्डमधला एन्कोडर) टाका, फरक लगेच दिसेल. पण कॅमेऱ्यात १० बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करत असाल तर ३०५० ते हार्डवेअरवर डिकोड करत नाही, ती सोय एनव्हिडियाच्या ५० सिरीजपासून आली. अशा फुटेजला आधी प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी) बनवा, नाहीतर नवीन कार्ड घेऊनही टाइमलाईन अडकते म्हणून मला शिव्या घालाल.

खरेदीचं बघा. एमजी रोड आणि कॅनडा कॉर्नर दोन्हीकडे दोन-चार दुकानांत विचारा, मोबाईलवर ऑनलाईनचा भाव उघडा ठेवा आणि सरळ दाखवा, बरेच जण जवळपास येतात. स्टॉक नसेल तर उद्या मुंबईहून मागवून देतो म्हणतील, हरकत नाही, फक्त पूर्ण पैसे आधी देऊ नका. बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो ही ऑफर ठरलेली असते, जीएसटी १८ टक्के आहे त्यामुळे मोह होतो, पण पुढे वॉरंटीला बिल आणि सिरियल नंबर दोन्ही मागतात. काही ब्रँडची वॉरंटी ठराविक दिवसांत वेबसाईटवर रजिस्टर केल्यावर वाढते, ते घरी आल्या आल्या करून टाका. पंचवटी एक्सप्रेस पकडून दादर आणि तिथून ग्रँट रोडला उतरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणारे खूप आहेत, पण एका कार्डासाठी तिकीट, जेवण आणि दिवस घालवून वाचतं किती ते जाण्याआधी मोजा, आणि कार्ड बिघडलं तर परत तीच वारी.

आणि सेकंडहँडच घ्यायचं ठरवलंत तर समोर मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायला लावा. जुन्या चिपवर नवीन नाव चढवलेल्या बऱ्याच कार्डांना ते फेक म्हणून दाखवतं. ५८० असेल तर शेडर (कार्डमधले छोटे कोअर) २३०४ आहेत का बघा, २०४८ दिसले तर ते नावापुरतं ५८०, आतून जवळपास ५७० च. मग पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा. चालवू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

मॉनिटर कोणता आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. जुना फक्त व्हीजीएवाला असेल तर नवीन कार्डांना ते पोर्ट नसतं, तेव्हा एचडीएमआय टू व्हीजीए ॲक्टिव्ह कन्व्हर्टर त्याच दिवशी सोबत घ्या, साधी केबल चालत नाही.