बाणाला मालक हवा

प्रश्न : मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. नोकरीचं दुसरंच वर्ष आहे. बल, गती, ऊर्जा यांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ आहेत, चाचणीत गुणही पडतात. परवा खडू वर उडवला आणि विचारलं, "हातातून सुटल्यावर वर जाताना याच्यावर कोणतं बल आहे?" जवळजवळ सगळ्यांनी वरच्या दिशेनं बाण काढला. मी बरोबर उत्तर सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. आठवड्यानं चेंडू घेऊन तेच विचारलं, तर पुन्हा वरचाच बाण! माझं कुठं चुकतंय?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचताना पाटण तालुक्यातला माझा आठवीचा वर्ग डोळ्यांपुढं उभा राहिला. तिथंही हाच बाण होता, आणि मीही तुमच्यासारखीच तो खोडून खाली काढायला लावत होते. खूप उशिरा लक्षात आलं की बाण वहीतून खोडला जातो, डोक्यातून नाही.

मुलांच्या डोक्यात नेमकं काय असतं ते त्यांच्याच तोंडून ऐका. आमच्या एका मुलीनं सांगितलं होतं, "बाई, हातानं दिलेला जोर खडूत असतो. तो संपला की खडू खाली येतो." किती नीट विचार केलाय बघा! 14व्या शतकात पॅरिसचा बुरिदान नावाचा मोठा विद्वान असंच काहीसं मांडत होता : फेकणारा वस्तूला एक प्रेरणा देतो आणि ती वस्तूत राहते. तेव्हा ही पोरं मठ्ठ नाहीत. त्यांच्याकडं एक सिद्धांत आहे, आणि तो नुसतं 'चूक' म्हटल्यानं जात नाही.

अडचण आपल्या बोलीतही आहे. 'जोर' हा एकच शब्द आपण किती ठिकाणी वापरतो! जोर लावला, पावसाचा जोर, अंगात जोर नाही. पुस्तकात मात्र बल, ऊर्जा, शक्ती हे तिन्ही वेगळे. मुलाला खडूत जे जाणवतं ते खोटं नाही. खडूजवळ वेग आहे, गतिज ऊर्जा आहे. फक्त त्याचं नाव बल नाही. हे मुलांना असंच सांगा : "तुला दिसतंय ते आहे, पण त्याचं घर दुसरं आहे."

मग वर्गात एक नियम करा : प्रत्येक बाणाला मालक हवा. बाण काढला की शेजारच्यानं विचारायचं, "हे बल कोण लावतंय, कोणावर?" खाली येणाऱ्या बाणाचा मालक पृथ्वी. हवेचा थोडा विरोध असेल तर त्याची मालक हवा. आणि वरच्या बाणाचा? मुलं म्हणतील, "हात." हात तर केव्हाच सुटला! तिथं वर्ग गप्प होतो. ती शांतता लगेच मोडू नका, उत्तर तिथंच शिजत असतं.

आता जोर 'संपतो' या समजुतीकडं या. त्यासाठी कॅरमबोर्डासारखं साधन नाही. फळीवर दोन खिळे ठोकून रबर ताणा आणि स्ट्रायकर दर वेळी एकाच खुणेपर्यंत मागं ओढून सोडा, म्हणजे सुरुवातीचा धक्का जवळपास सारखा राहतो. एकदा गोणपाटावर, मग फरशीवर, मग कोरड्या बोर्डावर, शेवटी पावडर टाकलेल्या बोर्डावर. पण सोडायच्या आधी प्रत्येकानं वहीत लिहायचं, किती लांब जाईल. पेनानं लिहायचं, खोडायचं नाही. हा आग्रह मी कधी सोडला नाही, कारण अंदाज लिहून ठेवला नाही तर निकाल बघितल्यावर सगळेच म्हणतात, "हेच तर वाटलं होतं."

आमच्याकडं पावडरवर स्ट्रायकर सरसर जाऊन पलीकडच्या कडेवर आपटला तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, जोर संपत नाय, गोणपाट खातंय!" त्याला मी पुढं बोलावलं आणि विचारलं, "मग खाणारं काहीच नसेल तर?" त्यानं बोर्डाकडं बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "जातच राहील की."

सर, गॅलिलिओनं उतरत्या फळ्या घेऊन हाच विचार केला होता, त्याचं पुस्तक 1638 साली आलं. न्यूटननं 1687 मध्ये तो पहिला नियम म्हणून मांडला. ही नावं आणि सालं या क्षणानंतर सांगा, आधी नको.

आणि गोणपाटानं खाल्लेलं गेलं कुठं? तळहात एकमेकांवर जोरात घासायला लावा, गरम होतात. इथून ऊर्जेकडं जायला वाट सरळ आहे. आम्हाला तर उदाहरण दारातच होतं. कुंभार्ली घाटातून चिपळूणकडं उतरताना एसटीचा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये गाडी घेतो, तरी ब्रेक तापल्याचा वास येतो. उंचीवरून उतरताना सुटलेली ऊर्जा तिथं उष्णता झाली. त्याच डोंगरातून कोयनेचं पाणी बोगद्यानं पोफळीकडं उतरतं आणि जनित्रं फिरवतं. एक लिटर पाणी 100 मीटर खाली आलं की 980 ज्यूल. कोयना प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता 1,960 मेगावॉट आहे. उतार तोच. एकीकडं ब्रेक तापले, दुसरीकडं दिवे लागले. हे सांगताना मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात.

परीक्षेची काळजी करू नका. व्याख्या शेवटच्या तासाला लिहून द्या, तोवर मुलांना ती ओळखीची वाटेल.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. म्हणते, "बाबा, माझं वजन 40 किलो असं म्हणायचं नाही, न्यूटनमध्ये सांगायचं." खरं काय?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. 40 किलो हे तिचं वस्तुमान. पृथ्वी तिला ज्या बलानं ओढते ते वजन, म्हणजे 40 गुणिले 9.8, सुमारे 392 न्यूटन. बाजारात दोन्हींची गल्लत चालून जाते, कारण आपण सगळे एकाच पृथ्वीवर तोलतो. तिला एक विचारा : तागडी आणि स्प्रिंगचा काटा दोन्ही चंद्रावर नेले, तर तुझे किती भरतील? तागडीत दुसऱ्या पारड्यातली वजनंही चंद्रावरचीच, म्हणून 40 किलोच. स्प्रिंग मात्र सहाव्या हिश्शाइतकीच ताणली जाईल. उत्तर लगेच सांगू नका, तिला दोन दिवस द्या.