मेपलचा रस आटवायला घरचं चुलाण – वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही ऑटवाच्या थोडं बाहेर राहतो, मागे शुगर मेपलची चांगली मोठी झाडं आहेत. गेल्या वर्षी पाच टॅप (झाडाला भोक पाडून रस काढायच्या तोट्या) लावले आणि रस घरातल्या स्टोव्हवर आटवला, रात्रभर जागलो, भिंतींना पाणी सुटलं, वरची कपाटं चिकट झाली आणि हाती आल्या सिरपच्या जेमतेम काही बाटल्या. यंदा वीस टॅप लावायचेत. नवरा म्हणतो जुनं लोखंडी फायलिंग कॅबिनेट आहे त्याचाच लाकडावरचा इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायची भट्टी करू. माझं माहेर कोल्हापूरकडचं, गुऱ्हाळ लहानपणापासून बघितलंय, तर तशी एक मोठी काहील ठेवून भागेल का?

उत्तर: ताई, गुऱ्हाळ बघितलंय म्हणजे अर्धं काम तुम्हाला येतंच, पण एक हिशोब आधी डोक्यातून काढून टाका. उसाच्या रसात साधारण 15 ते 20 टक्के साखर असते, मेपलच्या रसात फक्त 2 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 1 लिटर सिरपला 40 लिटरच्या वर रस लागतो आणि बाकी सगळं पाणी वाफ करून उडवायचंय (सोपा हिशोब असा, 86 ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, जे येईल तितके लिटर रस). गुऱ्हाळात उसाचीच चिपाडं चुलाणात जातात, जळण आपोआप तयार होतं, इथे तसं काही नाही, सगळं सरपण तुम्हालाच आदल्या वर्षी फोडून, वाळवून, झाकून ठेवावं लागतं. ओलं लाकूड घातलंत तर बरीच आग त्या लाकडातलंच पाणी उडवण्यात जाते.

आता भांडं. काहील रुंद आणि उथळ असते ते बरोबरच आहे कारण वाफ पृष्ठभागावरून उडते, खोल पातेल्यात कितीही जाळ घाला काम होत नाही. पण गोल काहील लांबट भट्टीवर नीट बसत नाही, कडेने आग वाया जाते, म्हणून इथले लोक चौकोनी सपाट पॅन वापरतात. चांगल्या जमलेल्या भट्टीवर दर चौरस फुटाला तासाला 4 लिटरच्या आसपास पाणी उडतं, घरच्या पहिल्या भट्टीला मी तीनच धरीन. 2 फूट बाय 3 फूट पॅन म्हणजे 6 चौरस फूट, म्हणजे तासाला 18 लिटर, आणि वीस टॅपचा चांगल्या दिवसाचा रस 100 लिटर धरला तर साडेपाच-सहा तास. एवढं मोठं पॅन वेल्ड करून घेणं महाग पडतं, म्हणून कॅबिनेटसाठी हॉटेलात बुफेला वापरतात ती स्टेनलेसची आयताकृती भांडी घ्या, त्यांना कड असते त्यामुळे ती भोकात लटकून बसतात. एक भांडं साधारण पावणेदोन चौरस फुटांचं, तीन बसली तर सव्वापाच होतात, वाईट नाही.

कॅबिनेट पाठीवर आडवं टाकलं, ड्रॉवर काढले की उघडी तोंडं वर येतात, त्यांच्यावर पॅन. एका टोकाला लाकूड घालायचं दार, दुसऱ्या टोकाला धुराडं. आतून फायरब्रिक (जाळ सोसणाऱ्या भट्टीच्या विटा) लावाच, नाहीतर पातळ पत्रा वाकतो. पुढच्या भागात जाळी ठेवा आणि जाळीखालून हवा येऊ द्या, हे बरेच जण विसरतात आणि मग नुसता धूर होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाळीच्या मागे विटा-वाळूचा उतार करत तळ वर आणायचा, इतका की पॅनच्या बुडाखाली काही इंचांचीच फट राहील. त्याने ज्वाळ पॅनच्या बुडाला घासत मागे जाते, नाहीतर ती सरळ धुराड्यातून बाहेर पडते आणि तुम्ही आकाश तापवत बसता. धुराडं उंच पाहिजे, ओढ त्यानेच लागते. लाकूड मनगटाएवढं बारीक फोडायचं आणि दर सात-दहा मिनिटांनी थोडं थोडं घालायचं, एकदम भरायचं नाही.

नवऱ्याला एक मात्र आवर्जून सांगा, जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, बादली, पाइप काहीही वापरायचं नाही. तापला की त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो आणि रस त्याच्यात ठेवला तर जस्त रसात उतरतं. जुन्या बाजारात मिळणारी मेपलची भांडी छान दिसतात, पण त्यांचे जोड शिशाच्या डागाचे (सोल्डरचे) असू शकतात आणि आटवताना शिसं सिरपमध्ये येतं, जे आपण पोरांना खायला देणार. ती भिंतीवर लावा, चुलीवर नको. कॅबिनेटचा रंगही पहिल्यांदा पॅन न ठेवता मोकळ्या जागी मोठी आग करून जाळून टाका, जवळ उभं राहू नका.

आणि पॅन सोडून जायचं नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी मी फक्त लाकडं आणायला शेडपर्यंत गेलो, आलो तेव्हा रस इंचाच्या खाली उतरून एका कोपऱ्यात करपलेला होता, दिवसभराचं काम गेलं आणि पॅनचं बूड कायमचं वाकलं. तेव्हापासून रस दीड-दोन इंच ठेवतो, एका बाजूने थेंब थेंब ताजा रस चालू असतो, आणि लाकडं आधीच हाताशी. फेस वर आला तर लोण्याचा किंवा तुपाचा एक थेंब, लगेच बसतो. गुऱ्हाळात मळी काढतात तसं इथेही झाऱ्याने वरचा फेस काढत राहायचं.

प्रश्न: सिरप कधी उतरवायचं ते कळत नाही, आणि बाटलीच्या तळाशी बारीक वाळूसारखं बसतं, ते खराब झालंय का? (टोरांटो)

उत्तर: खराब नाही, झाडातूनच आलेले क्षार आहेत, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. इथे त्याला शुगर सँड म्हणतात. गरम असतानाच जाड फेल्टच्या फिल्टरमधून गाळा, मलमल पुरत नाही, आणि थंड झालं की ते गळतच नाही.

उतरवायचं कधी तर पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या 4 अंश वर, म्हणजे साधारण 104 सेल्सियस. पण हवेच्या दाबाने पाण्याचा उकळबिंदू रोज थोडा बदलतो म्हणून त्याच दिवशी त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून बघा. एकतारी पाक होईपर्यंत थांबू नका, तो जास्त घट्ट होतो आणि बाटलीत खडे धरतात. शेवटचा भाग मोठ्या पॅनवर करू नका, रस बराच आटला की घरात गॅसवर छोट्या पातेल्यात घ्या, तिथे आच हातात राहते. बाटलीत भरताना 82 ते 88 अंशांच्या मध्ये गरम पाहिजे, भरून झाकण लावलं की बाटली आडवी करा म्हणजे झाकणही आतून तापतं. कळ्या फुगायला लागल्या की टॅप काढून घ्या, त्यानंतरच्या रसाला वेगळीच चव येते.