बी.कॉम.च्या मुलीला टॅली, एक्सेल आणि क्लाससाठी ५५ हजारांचा लॅपटॉप पुरेल की १ लाख १० हजारांचा घ्यावा? (नागपूर)

५५ हजारांचा पुरेल, फक्त १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघून घ्या. सीताबर्डीत लॅपटॉप दुरुस्त करतो, त्यावरून सांगतो: वरचे पैसे बहुतेक धातूची बॉडी, चांगला स्क्रीन, कमी वजन आणि बॅटरी यांचे असतात, टॅलीची एंट्री त्यानं लवकर होत नाही. (मॅकबुकचा विचार असेल तर टॅली त्यावर थेट चालत नाही, हेही बघा.) स्वस्तात खरी मार खाते ती बिजागरी. तिचे स्क्रू ज्या छोट्या पितळी नटांत बसतात, ते प्लास्टिकमधून उपटून येतात आणि झाकण लावताना कोपरा फाकतो. म्हणून दुकानात झाकण चार-पाच वेळा उघडून बघा, कोपऱ्यात करकर ऐकू आली तर दुसरा मागा. रॅमचा स्लॉट रिकामा आहे का, म्हणजे पुढे रॅम वाढवता येईल का, तेही विचारा. आणि मे महिन्यात गादीवर ठेवून वापरू देऊ नका, हवा घ्यायच्या जाळ्या बहुतेक खालीच असतात; ४५ डिग्रीत महागडाही मंदावतो.

मात्र ती रोज मेट्रोनं लॅपटॉप पाठीवर नेणार असेल किंवा व्हिडिओ एडिटिंग करणार असेल, तर महागाचा विचार करा.