मॅगसल्फची १४ अँप्यूल

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात प्रसूतीशास्त्राच्या पीजीचं पहिलं वर्ष आहे, रजा एकदाच मिळणार, तर दोन दिवसांच्या सिम्युलेशन (आणीबाणीच्या प्रसंगांचा खोटा-खोटा सराव) कार्यशाळेला जावं की तेवढ्याच पैशात वर्षभराचा ऑनलाइन कोर्स घ्यावा. मी म्हणेन, कार्यशाळेला जा. पण सगळे डोस आणि पायऱ्या आधी व्हिडिओवरून पक्क्या करून जा, नाहीतर ते दोन दिवस पाठांतरातच जातील.

ऑनलाइन शिकवण्याला मी कमी लेखत नाही. जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, तेव्हा आमच्या रेसिडेंट्सचे तास स्क्रीनवरच झाले आणि चांगले झाले. सीटीजी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आणि कळांचा आलेख, वाचायला तर मी ऑनलाइनच सुचवते. एकच पट्टी थांबवून, मागे नेऊन दहादा बघता येते. लेबर रूममध्ये तेवढी सवड मिळत नाही.

पण एक्लॅम्प्शियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांचं, घ्या. त्यावरचं औषध मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. प्रिचर्ड पद्धतीत त्याचा लोडिंग (सुरुवातीचा) डोस शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. रेसिडेंट असताना हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. एका पहाटे राधानगरीकडून जीपमधून एक पहिलटकरीण आली, झटके चालूच. आपल्याकडे ५० टक्क्यांचं २ मिलीचं अँप्यूल येतं, त्यात १ ग्रॅम. म्हणजे १४ अँप्यूल! मी एकटीच ती फोडत बसले. सिस्टर ऑक्सिजन सिलिंडरची चावी शोधत होत्या, आणि बाईला कुशीवर वळवायचं कुणालाच सुचलं नाही. ती वाचली, बाळही वाचलं. पण डोस तोंडपाठ असूनही हात कमी पडले, हे मला अजून सलतं.

कार्यशाळेतल्या ड्रिलमध्ये, म्हणजे अशा प्रसंगाच्या तालमीत, नेमकं हेच दिसतं. एकानं श्वासमार्ग सांभाळायचा, एकानं अँप्यूल फोडायची, एकानं घड्याळ बघून लिहायचं. डोस मोठ्यानं सांगायचा, समोरच्यानं तो परत म्हणायचा. ड्रिल दहा मिनिटांचं असेल तर नंतरची चर्चा त्याच्या दुप्पट हवी. खरं शिक्षण तिथेच होतं, ती टाळून चहाला पळू नका.

ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलनं २००८ मध्ये आपले आकडे प्रसिद्ध केले. खांदा अडकलेल्या प्रसूतींत बाळाला इजा होण्याचं प्रमाण प्रशिक्षणाआधी ९.३ टक्के होतं, नंतर ते २.३ वर आलं. पण तिथे डॉक्टर आणि मिडवाइफ एकत्र शिकत, तेही दरवर्षी. एकटं जाऊन सर्टिफिकेट आणल्यानं हे साधत नाही.

म्हणून परत आलात की आपल्या वॉर्डात सुरू करा. महागडा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) लागत नाही. ५०० मिली पाण्यात खायचा लाल रंग घाला, चादरीवर ओता आणि प्रत्येकाला अंदाज विचारा. बहुतेकजण कमीच सांगतात. मग चादर वजन करून दाखवा, कोरड्या चादरीचं वजन वजा करून. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. पीपीएचमध्ये, म्हणजे प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात, डोळ्यांवर का विसंबू नये, हे त्या ओल्या चादरीइतकं स्पष्ट मला कुठल्याच लेक्चरमध्ये सांगता आलेलं नाही.

आणि पहिल्याच ड्रिलला रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशींना बोलवा. सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते, ते त्यांनाच माहीत असतं.