ॲसिटोन पहिल्यांदा हाताळताय?

रेझिनकाम सुरू केलंत, छान! ॲसिटोन, म्हणजे रेझिन पुसून काढायला वापरतात ते द्रावक, घरी बनवायच्या फंदात मात्र पडू नका, शुद्ध विकत मिळतं. कारखान्यांत ते बहुतेक क्युमीन या रसायनापासून, फिनॉल या दुसऱ्या रसायनासोबतच तयार होतं.

खरी भीती वाफेची. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, पण उणे २० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. ती हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे जमिनीलगत सरकत दूरच्या ज्योतीपर्यंतही पोहोचते. खिडक्या सताड उघड्या ठेवा. गॅस, समई, उदबत्ती आधी विझवा.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- थर्मोकोलच्या कपात ओततात, कप विरघळतो. काच किंवा स्टील घ्या.
- नायट्राइल (एक कृत्रिम रबर) हातमोज्यांवर विसंबतात. ब्युटाइल रबराचे टिकतात.
- ब्लीचजवळ ठेवतात. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरोफॉर्म बनू शकतो.

सुरुवातीला छोटीच बाटली आणा.