गोचीड काढला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या कुत्रीच्या कानात दोन गोचीड सापडले. एक नखाने ओढला तर त्याचं तोंड आतच राहिलं. दुसऱ्यावर रॉकेल टाका असं शेजारी सांगतात. टाकू का?

नका टाकू. रॉकेल, तेल, पेटती काडी, यांतलं काहीच नको. डिवचलेला गोचीड पोटातला स्राव जखमेत ओकण्याची भीती असते, शिवाय कातडी भाजते ती वेगळीच.

हातमोजे घाला. अणकुचीदार टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचिडाला तोंडाशी धरा. फुगलेलं पोट दाबू नका. मग न पिळता, हिसका न देता, सरळ वर एकसारखं ओढा. कातडी जराशी तंबूसारखी उचलली जाते आणि तो सुटून येतो. त्याला स्पिरिटच्या बाटलीत टाका, नखावर चिरडू नका. जखमेला पोव्हिडोन आयोडिन लावा. आत राहिलेला तुकडा सुईने कोरायला जाऊ नका. छोटी गाठ येते आणि बहुधा आपोआप जिरते. पू झाला किंवा सूज वाढली तरच दाखवा.

आणि आजची तारीख लिहून ठेवा. ती का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : गोचीड काढल्यावर दोनेक आठवड्यांनी कुत्र्याला ताप आला, तीन दिवस जेवला नाही. आता पुन्हा खेळतोय. तरी डॉक्टरांकडे न्यायलाच हवं का?

हो, याच आठवड्यात न्या. एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून शिरणारा जंतू आणि त्याचा आजार, याची लक्षणं चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तारीख लिहून ठेवायची ती यासाठीच. उपचार न करताही ताप उतरू शकतो, पण जंतू शरीरात टिकून राहतात. कुत्रा महिनोन्‌महिने ठणठणीत दिसतो आणि काहींच्या बाबतीत शेवटी रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवरच घाला येतो. त्या टप्प्यावर उपचार फार अवघड जातात. म्हणून मधल्या बऱ्या दिवसांवर विसंबू नका.

घरी रोज एक मिनिट द्या. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मुळातच हिरडी फिकी असेल तर रक्त कमी झालंय. मग कुत्र्याला उताणं करून पोटाची केस नसलेली कातडी उजेडात बघा. टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले आणि ते दाबूनही पुसट झाले नाहीत, तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटल्याची शंका घ्या. गुदद्वारातून मोजलेलं तापमान एरवी साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 103 च्या वर ताप समजा. लंगडणं, गळ्याखालच्या गाठी सुजणं, डोळे गढूळ होणं हीसुद्धा लक्षणंच.

नाकातून रक्त, काळ्या चहासारखी लघवी, पांढरीफटक हिरडी किंवा धाप, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तशी लघवी बॅबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या आजारात होते, कारण त्याचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो.

प्रश्न : घरात डॉक्सिसायक्लिन आहे. सुरू करू का?

मनाने नको. एर्लिकियावर हे अँटिबायोटिक सहसा 28 दिवस द्यावं लागतं, मात्रा वजनावर ठरते. बॅबेसियाला औषध वेगळं लागतं आणि दोन्ही आजार एकदम असू शकतात. आधी रक्त तपासू द्या : प्लेटलेट्ससह पूर्ण तपासणी, काचपट्टीवरचं रक्त, गरज पडल्यास पीसीआर (रक्तात खुद्द जंतूचा अंश शोधणारी चाचणी). डॉक्टरांनी गोळी दिली तर ती खाण्यासोबत द्या. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. तापासाठी माणसांच्या आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन वा पॅरासिटामॉलच्या गोळ्या मुळीच देऊ नका. पहिल्या दोन रक्तस्राव वाढवतात.

प्रश्न : दर रविवारी गोचीड वेचतो, तरी पुन्हा येतात. कुठून?

घरातूनच. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तीनदा रक्त पितो, आणि दर वेळी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, अंथरुणाखाली दडतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते. उपाशी प्रौढ गोचीड कित्येक महिने तग धरतो. म्हणजे तुम्ही वेचता ते थोडे, भिंतीत आहेत ते फार.

त्यामुळे घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध सुरू करा आणि निदान तीन-चार महिने खंड पाडू नका. गोळ्यांपैकी अफोक्सोलॅनर दर महिन्याला, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवड्यांनी. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा. गोचीड चावल्यावरच गोळीमुळे मरतो, आणि एर्लिकिया काही तासांतही शिरू शकतो, म्हणून जिथे गोचीड फार तिथे दूर ठेवणारा पट्टा किंवा थेंबही विचारून घ्या. थेंब मानेमागे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडा. केसांवर पडला तर वाया जातो. आंघोळ आधी-नंतर दोन दिवस टाळा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काही आणूच नका, ते मांजराच्या जिवावर बेततं.

अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, फटींतून व्हॅक्यूम फिरवा आणि पिशवी लगेच बंद करून बाहेर टाका. चिरा मात्र बुजवायलाच हव्यात, नुसत्या फवारणीने त्यांतली अंडी मरत नाहीत.

प्रश्न : औषध पूर्ण झालं, कुत्रा बरा आहे, पण अँटिबॉडी चाचणी अजून पॉझिटिव्ह येते.

ही चाचणी जंतू नाही, त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते, म्हणून बरा झाल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त तशी राहते. एवढ्यावरून पुन्हा औषध सुरू करू नका. प्लेटलेट्स सावरल्या का ते बघा, शंका उरली तर पीसीआर करा. मात्र एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, तेव्हा गोचिडाचं औषध चालूच ठेवा.