वावरात खापरं निघाली, सांगू का नको?

प्रश्न : आमचं वावर कन्हानच्या काठाला आहे. यंदा पुरात काठ खचला तर आतून काळ्या-लाल खापरांचा थर उघडा पडला, मधात राखेसारखी माती. पोरांनी पिशवीभर खापरं घरी आणली. मोठा भाऊ म्हणते कोणाले सांगू नको, सरकार वावर घेऊन टाकन. काय करावं जी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊंना सांगा, नुसती खापरं सापडली म्हणून वावर जात नाही. ते १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी अन् पुढच्या २०० मीटरला बांधायची परवानगी घ्यावी लागणं, हे फक्त केंद्राने संरक्षित जाहीर केलेल्या जागेला लागतं. पण सोनंनाणं निघालं तर मात्र गुपचूप ठेवू नका, १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं (दहा रुपये, हो, रक्कम तेव्हाचीच आहे).

आता खापरांचं. आतून काळं, बाहेरून लाल असेल तर भांडं बहुतेक पालथं घालून भाजलेलं, आत हवा लागली नाही म्हणून काळं राहिलं. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरीला दफनाभोवती दगडांची वर्तुळं रचणाऱ्या जुन्या लोकांकडे अशीच भांडी होती, आणि तुमच्या कन्हानलाच मिळणाऱ्या पेंचच्या काठी नैकुंडला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली, अडीच हजार वर्षांहून जुनी. म्हणजे तुमची राख चुलीची का भट्टीची हे बघावंच लागेल, जवळ लोखंडाची मळी, जड काळे गोटे दिसतात का ते पाहा.

पण उकरू नका! खापर एकटं मुकं असतं, कोणत्या थरात होतं त्यावरून काळ कळतो, म्हणून पोरांच्या पिशवीची किंमत निम्मी झाली असं मी तर म्हणेन. आता निदान पिशवीवर जागा, तारीख लिहा, धुऊ नका. काठाचे फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा फावडं ठेवून, मोबाईलवर लोकेशन घ्या आणि पुरातत्त्व खात्याचं नागपूर मंडळ नाहीतर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, तिथं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ते आधी चालत पाहणी करतात, खोदायला त्यांनाही परवाना लागतो. अन् तोवर ती राखेसारखी माती खत म्हणून कोणाला नेऊ देऊ नका, रेतीवाल्यांचा जेसीबी तर काठाजवळ फिरकू देऊच नका, पूर दरवर्षी हातभर नेतो, जेसीबी एका रात्रीत सगळं.